प्रौढ वर्ग: आधी अक्षरं की आधी मोबाइल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपासून संध्याकाळी प्रौढांचा एक छोटा वर्ग घेतेय. आठ जण, बहुतेक चाळिशी ओलांडलेले. ग-म-भ-नपासून सुरुवात केली, काना-मात्रेपर्यंत गाडी बरी चालली. जोडाक्षरांशी अडली. 'र' तर छळतोच: सूर्य, चक्र, राष्ट्र. "हा एका जागी बसत का नाही?" असं एका काकांनी विचारलं, तेव्हा मी नुसतीच हसले.

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. सगळ्यांना मोबाइल शिकायचाय, तोही आत्ताच. एक मावशी चिन्हांच्या रंगांवरून फोन चालवायच्या. ॲप अपडेट झालं, रंग बदलला, झालं! पुन्हा पहिल्या पायरीवर. ओटीपीचं तर विचारूच नका. आकडे येतात त्यांना, पण चार वाचून होईतो मेसेज वरून गायब. तो शोधेपर्यंत मुदत संपते. मग फोन माझ्या हातात, "तूच टाक गं." आणि 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे फळ्यावर मीच लिहिलंय! (दोनदा टाकून दिला, कबूल.)

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली तिथल्याच आंगिकोस गावात सुमारे ३०० जणांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं, तेही त्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांवरून. म्हटलं, आपणही फोनवरचेच शब्द धडा म्हणून घेऊ. फोन मराठीत केला, तर समोर 'प्रविष्ट करा'! हे घरात कोण बोलतं? आणि 'रद्द'मध्ये पुन्हा जोडाक्षर आलंच.

तर फोन मराठीत ठेवावा की इंग्रजीत? आणि जोडाक्षरं येईपर्यंत मोबाइल थांबवावा का? कुणी असा वर्ग घेतला असेल तर सांगा.

प्रतिसाद:
थांबवू नका, माणसं यायची बंद होतात. भाषा मराठीच ठेवा. 'रद्द', 'पुढे', 'पाठवा' हे शब्द फोड न करता, चित्रासारखे अख्खे ओळखू द्यात, फोड नंतर. ओटीपी आधी कागदावर उतरवायचा, तीन-तीन आकडे मोठ्याने म्हणत. सरावाला खोटे मेसेज तुम्हीच पाठवा. बोट टेकवून लगेच उचलायचं हेही शिकवावं लागतं. आमच्याकडे सगळे दाबूनच धरायचे. आणि चाळिशीचे चष्मे आहेत का त्यांना? आधी ते बघा.

धागाकर्ती:
चष्म्याचं डोक्यातच आलं नव्हतं! आज विचारलं. आठांत एकाकडे आहे, तोही बायकोचा.