देह पुन्हा उठणार असेल, तर दहन चालतं का?

कॅम्पातला_धाकटा:
वडील ८१ वर्षांचे, निवृत्त शाळामास्तर, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीचे. तब्येत ठणठणीत. परवा जेवताना जाहीर केलं, "मला विद्युतदाहिनीत न्या. दफनभूमीत जागा उरली नाही, मेल्यावर आणखी कुणाची अडवू?" नगरहून आत्या आली होती, तिनं ताटच सरकवलं. "आयुष्यभर विश्वासांगीकारात 'देहाचं पुनरुत्थान' म्हणालास आणि देह जाळायला सांगतोस? शेवटल्या दिवशी प्रभू राख गोळा करत बसेल का?"

मी मधल्या मध्ये. ईस्टरला पहाटे आईच्या कबरीवर फुलं ठेवतो, गाणी म्हणतो. पण देह उठणार म्हणजे नेमकं काय, हे काही आत्याला सांगता येईना.

वसईचा_वाडीवाला:
आम्ही कॅथलिक. आमच्याकडे १९६३ साली दहनाला परवानगी मिळाली, १९८३ च्या धर्मसंहितेतही ती आहे. फक्त पुनरुत्थान नाकारायचं म्हणून कुणी दहन मागत असेल तर नाही. २०१६ मध्ये व्हॅटिकननं आणखी सांगितलं: राख घरी ठेवू नका, नदी-समुद्रात सोडू नका, वाटून घेऊ नका, पवित्र जागी ठेवा. पुरणं बरं, हा आग्रह आहेच. तुमचं तुमच्या पाळकांना विचारा.

आणि पुरलं तरी काय? मुंबईत बऱ्याच ठिकाणी जागेअभावी काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात. माझे आजोबा सध्या तिथेच आहेत.

नाशिकचा_जिज्ञासू:
मी ख्रिस्ती नाही, राग मानू नका. हे म्हणजे पुनर्जन्मच ना, थोडा वेगळा?

पाळकाची_लेक:
नाही हो नाशिककर. पुनर्जन्मात जीव दुसऱ्या कुडीत जातो, फेरा चालूच राहतो. इथे मरण एकदाच, आणि उठतो तो तोच माणूस. मरणातून उठलेला येशू शिष्यांना भूत वाटला, तर त्यानं त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. थोमाला जखमा दाखवल्या. जखमा पुसल्या गेल्या नव्हत्या, हे मला फार मोठं वाटतं. बरं, तो अगदी पहिल्यासारखाही नव्हता. मरीया मग्दालीयेला तो माळी वाटला, अम्माऊसच्या वाटेवर दोघे त्याच्याबरोबर चालले तरी ओळख पटली नाही.

आता आत्या. त्यांना हसू नका. अरिमथाईकर योसेफानं थेट रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचा देह मागितला, बाया पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. देहाचा मान राखायचा हे आपण तिथूनच शिकलो. पण राखेनं देव अडतो, हा विचार छळ करणाऱ्यांचा! १७७ साली गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लिओं शहरात ख्रिस्ती लोकांना ठार मारलं, प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. का, तर यांना उठायची आशाच राहू नये. मग ते हुतात्मे काय कायमचे बुडाले? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर समुद्रसुद्धा आपल्यातले मेलेले परत देतो.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हाच प्रश्न घेतो, कुणी विचारेल, कोणत्या शरीरानं उठणार? पौल आधी चिडला. (तो चिडायचाच.) मग म्हणाला, पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते रूप निराळं, पण ज्याचं बी त्याचंच शरीर. दाणा जपून ठेवण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

आणि नवं जीवन दफनभूमीत सुरू होत नाही. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय काढा: ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरलो, ते बाप्तिस्म्यातच, आणि आता चालायचं ते नव्या जीवनात. ८१ व्या वर्षी वडील दुसऱ्याच्या जागेची काळजी करतात, मला त्यात ते दिसतं. आत्याला दिसेल असं नाही. मी स्वतः मात्र पुरूनच घेणार, आमच्या राहुरीकडे जागा आहे!

आईची कबर आहे ना? तिच्यातच राखेचा कलश ठेवता येतो का, ते पाळकसाहेबांना आणि दफनभूमीच्या कमिटीला विचारा. नवी जागा लागत नाही, दगडावर नाव येतं, ईस्टरला जायला ठिकाण राहतं.

कॅम्पातला_धाकटा:
कलशाचं डोक्यातच आलं नव्हतं. वडील लगेच तयार झाले. आत्याला फोन केला, तिनं लिओंची गोष्ट पुन्हा सांगायला लावली आणि विचारलं, "पण उपासना चर्चमध्येच ना? का थेट दाहिनीवर?" कुणाच्या घरी झालंय का असं?

वसईचा_वाडीवाला:
मावशीच्या वेळी आधी चर्चमध्ये मिस्सा झाला, देह समोर असताना. मग दाहिनी. राख नंतर फादरांनी प्रार्थना करून ठेवली. दाहिनीवरची पावती सांभाळा, राख घ्यायला जाताना आमच्याकडे तीच मागितली होती.