बार्सेलोनाहून क्रूझ आहे, गोव्याहून किती दिवस आधी निघू? हॉटेल पोर्टजवळ घ्यायचं की शहरात?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला ऑक्टोबरात ४० वर्षं होतायत म्हणून आम्ही भावंडांनी मिळून त्यांना भूमध्य समुद्रातली ७ रात्रींची क्रूझ द्यायची ठरवलीय, सोबत मी जाणार. जहाज बार्सेलोनाहून रविवारी संध्याकाळी ६ ला सुटतं, मग मार्सेलिस, जेनोवा, नेपल्स असं करत परत बार्सेलोना. तारीख चवथीनंतरचीच (गणेश चतुर्थीनंतरची) बघून घेतली कारण चवथ सोडून आई कुठेही येणार नाही, त्यामुळे तो भाग झाला, क्रूझचे पैसे भरले.

आता अडलंय ते तिथपर्यंत पोचायचं कसं यावर. आमचा एजंट म्हणतो शनिवारी रात्री निघा, रविवारी सकाळी ११ च्या दरम्यान बार्सेलोनाला उतराल, तिथून टॅक्सीने सरळ पोर्ट, हॉटेलचा खर्चच नको. हिशेबाला बरोबर वाटतं पण मला ते ऐकल्यापासून झोप लागत नाहीये. बाबांना इन्सुलिन आहे, आईचे गुडघे दुखतात, दोघंही पहिल्यांदाच परदेशी निघालेत. एक दिवस आधी गेलं तर पुरे का दोन? गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जाऊ, दाबोळी विमानतळावरून, का मुंबईला जाऊन तिथून? आणि हॉटेल पोर्टच्या जवळ बघितलेलं बरं ना, सकाळी धावपळ नको म्हणून? कोणी केलं असेल तर प्लीज नीट सांगा.

बार्देसचो_तारवटी

ताई, त्याच दिवशी उतरायचं हे आधी डोक्यातून काढून टाका. मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर हाऊसकीपिंगला होतो, आता म्हापशाला घरीच असतो, त्यामुळे हे आतल्या बाजूने बघितलंय म्हणून सांगतो.

६ ला सुटतं म्हणजे ६ पर्यंत या असं नसतं. चेक-इन तासभर ते दीड तास आधी बंद होतं, काही कंपन्या त्याच्याही आधी करतात, कारण जहाजावर कोण कोण चढलं त्याची शेवटची यादी निघण्याआधी द्यावी लागते. शिवाय बंदराने दिलेली वेळ असते, जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट ठरलेला असतो, दुसऱ्या दिवशीच्या बंदरात धक्का बुक असतो. तीन पॅसेंजर विमानतळावर अडकलेत म्हणून कॅप्टन थांबत नाही, मनात असलं तरी त्याला ते जमत नाही. मधल्या बंदरात कंपनीच्याच सहलीची बस उशिरा आली तर थांबतात, पण आपण आपलं विमान काढून आलो आणि उशीर झाला तर तो आपला प्रश्न. वरून डेकवरून मी बघितलंय, जहाज धक्क्यापासून सुटलेलं आणि खाली माणसं बॅगा घेऊन उभी. वाईट वाटतं हो, वर्षभर पैसे साठवून आलेली असतात.

पुढच्या बंदरात गाठता येतं का, तर कधी कधी येतं. तुमचं दुसऱ्या दिवशी मार्सेलिस आहे, बार्सेलोनाहून तिथे ट्रेनने जाता येतं, पण त्याला कंपनीची परवानगी लागते, सगळा खर्च आपला, आणि दोन वयस्कर माणसांना घेऊन अनोळखी देशात रात्रीची ही धावाधाव कोणाला हवीय.

अजून एक गोष्ट, ही सगळ्यात मोठी. नवीन कॉन्ट्रॅक्टवर जॉईन व्हायला आम्ही जायचो तेव्हा कंपनी आम्हाला बहुतेक वेळा आदल्या दिवशी उतरवायची, रात्री हॉटेलात ठेवायची, मग सकाळी जहाजावर. जी कंपनी एकेक डॉलर मोजते ती आपल्या कामगारांसाठी हॉटेलचे पैसे देते, ते उगाच नाही. आईबाबांसाठी त्याहून कमी का करायचं?

सांतइनेजची_वैदेही

तारवटी दादांशी शंभर टक्के सहमत, मी फक्त हॉटेलचं सांगते कारण माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही बार्सेलोनाहूनच गेलो होतो.

पोर्टजवळ हॉटेल हा विचार सोड. मोठी जहाजं लागतात तो धक्का मोल अदोसात, तो शहरापासून पूल ओलांडून समुद्रात लांब गेलेला बांध आहे, तिथे टर्मिनलं आहेत, बाकी राहायला वगैरे काही नाही. आणि शहराच्या मधूनसुद्धा टॅक्सीने ट्रॅफिक नसेल तर १५-२० मिनिटांत पोचतो, त्यामुळे जवळ राहून काही वाचत नाही. हॉटेल निवडताना गुडघे बघ, पोर्ट नको बघूस. जुनं शहर, ते गॉथिक क्वार्टर म्हणतात तो भाग फोटोत फार सुंदर दिसतो पण गल्ल्या अरुंद, काही ठिकाणी टॅक्सी दारापर्यंत जातच नाही आणि जुन्या इमारतीतल्या स्वस्त लॉजांना लिफ्टपर्यंत पोचायलाच पायऱ्या असतात. त्यापेक्षा एशाम्पला भागात बघ, प्लासा कातालुन्याच्या वरच्या बाजूला. रस्ते सरळ, फुटपाथ रुंद, बसायला बाकं, आणि सग्रादा फामिलिया हे प्रसिद्ध चर्च त्याच भागात. (तिचं तिकीट आधीच ऑनलाईन काढ, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नकोस.)

विमानतळावरून एरोबस प्लासा कातालुन्याला सोडते, एकट्या माणसाला मस्त आहे, पण तुम्ही तिघं आणि क्रूझच्या बॅगा म्हणजे टॅक्सीच कर, काळी-पिवळी असते अगदी आपल्या मुंबईसारखी. रांबला या गर्दीच्या रस्त्यावर आणि मेट्रोत खिसेकापू भरपूर आहेत, पासपोर्ट कपड्याच्या आतल्या पाऊचमध्येच ठेवा. हॉटेलात टुरिस्ट टॅक्स वेगळा घेतात, माणशी आणि रात्रीगणिक, बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो बऱ्याचदा, तर आईसमोर काउंटरवर वाद नको म्हणून आधीच माहीत असू दे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅग. कनेक्टिंग विमानात बॅग मागे राहणं काही नवीन नाही. तू हॉटेलात असलीस तर ती दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते. जहाजावर चढलीस तर बॅग बार्सेलोनात आणि तू नेपल्सला, मग ती बंदरामागून बंदर तुझा पाठलाग करत बसणार. आमच्या ओळखीत एका जोडप्याने अर्धी क्रूझ जहाजावरच्या दुकानातल्या टीशर्टवर काढलीय.

वास्को_सडा

एक दिवस ठीक पण दोन दिवस आधी कशाला? बार्सेलोना स्वस्त नाही. माझ्या मते शनिवारी दुपारी पोचा, रात्र झोपा, रविवारी जहाज. उरलेले दिवस क्रूझ झाल्यावर ठेवा, तेव्हा माणूस मोकळ्या मनाने फिरतो, डोक्यावर घड्याळ नसतं. आणि वेळेचा फरक फक्त साडेतीन तासांचा आहे ऑक्टोबरात, अमेरिकेसारखा जेटलॅग नाही, त्यामुळे आराम करायला दोन दिवस लागतात हे मला पटत नाही.

मोपा-दाबोळीचं म्हणाल तर फोंड्याहून दाबोळी जवळ, पण जवळ म्हणून निवडू नका. मोपाहून दोहाला थेट विमान आहे, दोहाहून बार्सेलोना, म्हणजे एकच बदल आणि तोही एकाच तिकिटावर. मुंबईवरून गेलात आणि गोवा-मुंबई वेगळं तिकीट काढलंत तर मुंबईत बॅग घ्या, टर्मिनल १ ला उतरलात तर रस्त्याने टर्मिनल २ ला जा, परत चेक-इन करा, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची एअरलाईन विचारत नाही. एक पीएनआर (म्हणजे एकच बुकिंग नंबर) असला की चुकलेल्या विमानाऐवजी पुढचं द्यायची जबाबदारी त्यांची. तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा, हे जाताना-येताना दोन्ही बघा, नाहीतर गाडी एका विमानतळावर आणि उतरलात दुसऱ्यावर.

बार्देसचो_तारवटी

वास्को भाऊ, एक पीएनआरचं बरोबर बोललात, पण पुढचं विमान मिळालं तरी ते दुसऱ्या दिवशीचं असलं तर शनिवारचे रविवार होतात, आणि मग परत तेच. २०२५ च्या जूनमध्ये कतारने (दोहा तिथलंच) अचानक आकाश बंद केलं होतं, काही तासच, पण त्याने विमानांचा जो गोंधळ झाला तो पुढे दिवसभर निस्तरत होते. त्याच वर्षी २८ एप्रिलला स्पेन-पोर्तुगालात वीज गेली, ट्रेन जिथल्या तिथे उभ्या. अशी वेळ रोज येत नाही मान्य, पण एक रात्र हातात असली तर ती नुसती बातमी असते आणि नसली तर क्रूझ जाते. तरुण मुलं असती तर मीही एक रात्र म्हटलं असतं. इन्सुलिनवाला माणूस आणि दुखरे गुडघे, शुक्रवारी पोचा.

साखळीकर

व्हिसाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण हॉटेलच्या रात्रींचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त राहणार त्या देशाकडे मागायचा, सगळीकडे सारखंच असेल तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्यांच्याकडे. क्रूझवाल्यांचा इथेच घोळ होतो, एक दिवस फ्रान्स, दोन दिवस इटली, मग कोणाकडे जायचं? तुम्ही आधी दोन रात्री बार्सेलोनात काढल्यात की स्पेनचं पारडं सरळ जड होतं, आणि शिरताय पण तिथूनच. अर्जाला क्रूझचं कन्फर्मेशन बंदरांच्या यादीसकट लावा, हॉटेलचं बुकिंग फुकट कॅन्सल होणारं घ्या व्हिसा हातात येईपर्यंत. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण १५ दिवसांवर कोणी जाऊ नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही कधी कधी. फी मोठ्यांना ९० युरो, सेंटरचा चार्ज वेगळा. जहाज मध्ये ट्युनिस किंवा तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला लागत असेल तर मल्टिपल एंट्री हवी, सिंगलवर परत आत घेत नाहीत. तुमची यादी पुन्हा एकदा बघून घ्या.

विमा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं आणि लोक तेवढंच घेऊन मोकळे होतात. त्यात जहाज चुकलं तर काही मिळेलच असं नाही. मिस्ड कनेक्शन, ट्रिप कॅन्सलेशन, आधीपासूनचा मधुमेह, ही तिन्ही पॉलिसीत आहेत का ते वाचा, आणि पॉलिसी घरातून निघाल्याच्या दिवसापासून घ्या, क्रूझच्या तारखेपासून नाही.

आणि हो, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवीन एंट्री-एक्झिट पद्धत सुरू झालीय, पहिल्यांदा जाणाऱ्यांचा फोटो इमिग्रेशनलाच काढतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे जुळवून बघतात. रांगा लागतात. ११ ला उतरून सरळ पोर्टवर, हा तुमच्या एजंटचा हिशेब त्यात बसत नाही.

डिचोलीची_मावशी

फोंडेकरीण बाळा, इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत अजिबात घालू नकोस, सामानाच्या कप्प्यात गोठून फुकट जाऊ शकतं. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, आणि लागेल त्याच्यापेक्षा जास्तच घे. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा खाली पोर्टरकडे देतात, त्या संध्याकाळी खोलीच्या दारात येतात, तोपर्यंत औषध, चष्मा, एक जोड कपडे हाताशीच हवेत. खोलीतला फ्रीज नीट गार नसतो पुष्कळदा, तर कंपनीला आत्ताच कळवून ठेव, सुयांसाठी डबापण देतात मागितला की. जेवण शाकाहारी असेल तर तेही आत्ताच लिहून कळव, चढल्यावर सांगितलं तर पहिले दोन दिवस उकडलेल्या भाज्याच येतात समोर.

मडगाव_पाजीफोंड

मध्येच विचारतो, आमची पुढच्या वर्षी रोमहून आहे, तिथेपण हेच का?

बार्देसचो_तारवटी

रोमला समुद्र कुठे आहे भाऊ, जहाज चिविताव्हेक्कियाहून सुटतं, रोमपासून ७०-८० किलोमीटर, ट्रेनने तासभर किंवा थोडं जास्त. लंडन लिहिलं असलं तर साउथहॅम्प्टन निघतं बहुतेक वेळा, तेही लांबच. सिंगापूरला तर दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट, भलत्याच ठिकाणी उतरलेले बघितलेत मी. तिकिटावर शहराचं नाव नका बघू, टर्मिनलचं नाव बघा आणि मग हॉटेल ठरवा. रोममध्ये रात्र काढायची असेल तर तेर्मिनी स्टेशनजवळ, नाहीतर आदल्या रात्री चिविताव्हेक्कियालाच.

फोंडेकरीण

सगळ्यांना देव बरें करूं. आज एजंटला फोन केला, मोपा-दोहा-बार्सेलोना एकाच तिकिटावर, शुक्रवारी दुपारी पोचतोय, एशाम्पलात लिफ्टवालं हॉटेल, दोन रात्री, फुकट कॅन्सल होणारं. बाबा म्हणाले एवढे पैसे कशाला, तेव्हा मी त्यांना तारवटी दादांची ती कंपनीवाली गोष्ट वाचून दाखवली, ते गप्प बसले आणि मग म्हणाले बरोबर आहे त्याचं. वास्को भाऊ, क्रूझनंतर एक रात्र ठेवलीय तुमचं ऐकून. व्हिसाची अपॉइंटमेंट या आठवड्यात घेते.

एकच राहिलं, रविवारी हॉटेल १२ ला सोडायचं आणि जहाजावर किती वाजता जायचं? मधले तास आईबाबांना घेऊन कुठे बसू?

सांतइनेजची_वैदेही

मधले तास राहतच नाहीत. ऑनलाईन चेक-इन उघडलं की लगेच कर, तिथे चढायची वेळ निवडायला देतात, १२ ते १ च्या मधली घे. हॉटेलमधून ११:३० ला टॅक्सी, टॅक्सीवाल्याला टर्मिनलचं अक्षर दाखव, ए, बी, सी असं असतं. बॅगांचे टॅग घरूनच रंगीत प्रिंट काढून ने, रविवारी तिथे बरीच दुकानं बंद असतात. दुपारचं जेवण जहाजावरच मिळतं, बुफे चालू असतो.