मोडीच्या भावात घेतलेलं घंगाळ तिप्पट किमतीला विकलं, चुकलं का माझं?

निळीसायकल:
नोकरी सांभाळून मी जुनी तांब्यापितळेची भांडी घेऊन साफ करून विकतो, तीनेक वर्षं झाली. पुण्यातल्या जुन्या बाजारातून घेतो, रविवारी (बुधवारीपण भरतो पण मला सुट्टी नसते), तिथले विकणारे माझ्यापेक्षा पक्के त्यामुळे मनाला काही लागत नाही. पण गेल्या महिन्यात भोरकडच्या एका आजींनी घरी बोलावलं, घर पाडून नवीन बांधायचंय म्हणून भांडी काढायची होती. "मोडीचा भाव काय चाललाय रे बाळा?" असं त्यांनी मलाच विचारलं. मी किलोला ४०० सांगितला, तो खराच होता, पितळी घंगाळ ७ किलो भरलं, २८०० दिले. घरी चिंच लावून घासताना काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं दिसलं, "चि. सौ. कां. सुमन हिस मामांकडून, १९५८". ते ९००० ला गेलं, कोथरूडला, हॉलमध्ये शोभेला. खोटं काहीच बोललो नाही तरी डोक्यातून जात नाहीये.

बाजारपेठ४१:
यात चूक काय? गाडी तुझी, पेट्रोल तुझं, पॉलिश तुझं, गिऱ्हाईक तू शोधलंस. तू नसतास गेला तर भंगारवाल्याने त्याच भावात नेलं असतं आणि ते वितळलं असतं. धंदा म्हणजे हेच.

सांजवात:
नाही पटलं. आजींनी मोडीचा भाव विचारला कारण दुसरा काही भाव असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं आणि तुला होतं. बाजारात दोघंही जाणते असतात, इथे एकटा तू. माझ्या आईने आजीचा हंडा असाच देऊन टाकला, मग एका दुकानात तसाच हंडा किंमत लावून ठेवलेला बघितला, त्या दिवशी घरी येऊन जेवलीच नाही. निदान "आजी, हे मोडीत नका काढू, अख्ख्या भांड्याचे जास्त येतात" एवढं तरी बोलायचं होतंस.

तांबटआळीकर:
आमचे आजोबा तांबट आळीत ठोके मारायचे म्हणून सांगतो, मोडीत फक्त धातूचं वजन धरतात, मठारकामाची, म्हणजे ठोके मारून घडवण्याची, मजुरी शून्य. तुला ९००० मिळाले ते त्या घडणीचे आणि जुनेपणाचे. मी गावातून घेतो तेव्हा मोडीचे पैसे जागेवर देतो आणि विकलं की खर्च वजा जाऊन उरेल त्यातलं अर्धं पाठवतो, हे आधीच सांगून ठेवतो. अजून एक, १०० वर्षांवरची वस्तू हाताला लागली तर आधी चौकशी कर, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, लायसन्सशिवाय तसला धंदा करता येत नाही. तुझं १९५८ चं, तो प्रश्न नाही.

निळीसायकल:
हिशोब मांडला. ६२०० सुटले, पॉलिश आणि पेट्रोलचे १२०० गेले, राहिले ५०००. रविवारी २५०० घेऊन भोरला जातोय. सुमन म्हणजे त्या आजीच का, हे मी विचारलंच नव्हतं, तेही विचारतो. कोथरूडच्या ताईंना मेसेज टाकलाय, काठावरचं नाव बफिंगमध्ये (मशीनवरच्या पॉलिशमध्ये) घालवू नका म्हणून.