मदत हवी आहे: दत्तक पॉइंटर कुत्री पक्षी दिसला की हाक ऐकत नाही

आम्ही गोव्यात डिचोलीजवळ राहतो. सुटका केलेली पॉइंटर (वासावरून पक्षी शोधून दाखवणारी शिकारी कुत्र्यांची जात) दत्तक घेतलीय. वय अंदाजे तीन, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. मुलांशी फार मायाळू आहे. पण कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) मोर किंवा शेजाऱ्यांची गावठी कोंबडी दिसली की एक पाय उचलून थिजते आणि मग सुसाट सुटते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि मला ती करायचीही नाही; तिच्या नाकाला मात्र काम हवंच. लांब दोरी, कलेजीचे तुकडे, पहाटेची दमवणारी धाव, सगळं करून पाहिलं. दोरीवर ऐकते, सोडली की नाही. शॉकचा पट्टा वापरणार नाही. वाट सामायिक असल्याने कुंपणही घालता येत नाही. वास लागल्यावरही हाकेसरशी मागे फिरायला कसं शिकवावं? आणि वास शोधण्याचे कोणते खेळ अशा जातीला पुरतात?