मदत हवी आहे: स्नॅप कार्डावर चिक्की चालते का?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आमचं छोटं भारतीय किराणा दुकान आहे. १ जानेवारी २०२६ पासून इथे स्नॅपवर, म्हणजे सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर, सोडा, म्हणजे गोड शीतपेयं, आणि कँडी बंद झाली. विक्रीकर लागणारे खाद्यपदार्थ कार्डावर नाहीत, असा ढोबळ नियम. गंमत म्हणजे पीठ घातलेला पदार्थ कँडीच्या व्याख्येत बसतच नाही! शेंगदाण्याची चिक्की बाद, क्रीमची बिस्किटं चालू. मग बेसनाचा लाडू पिठाचाच धरायचा ना? आणि राजगिऱ्याचा? काल एका आजींनी तिळाच्या वडीचं पाकीट गुपचूप परत ठेवलं. मलाच ओशाळल्यासारखं झालं. आंब्याच्या गोड पेयात रस निम्म्याहून जास्त नसेल तर तेही बाद. बिलिंग मशीनमध्ये कुणी या वस्तू वेगळ्या लावल्यात का? कशा, ते जरा सांगाल?