टोकावर रेणू थोडेच हवेत

अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या (AFM, बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपून सूक्ष्म बल मोजणारं यंत्र) टोकावर जितके जास्त रेणू बसवाल तितकं माप पक्कं, हे या चर्चेत वर आलेलं मत पटलं नाही. एकाच जोडीची (टोकावरचं बायोटिन आणि खालच्या पृष्ठभागावरचं त्याला पकडणारं प्रथिन) ओढ मोजायची तर टोक जवळपास रिकामंच हवं. दर १० स्पर्शांत एखादाच चिकटत असेल, तर पॉइसॉनच्या (विरळ घटनांच्या शक्यतेच्या) हिशेबाने त्यातले सुमारे ९५ टक्के एकाच जोडीचे असतात. निम्मे चिकटायला लागले की साधारण तिसरा हिस्सा दोन किंवा अधिक जोड्यांचा, मग कसलं एका रेणूचं माप! रेणू टोकाला बांधायला पीईजीचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) लवचीक दोरा वापरा, हा वरचा सल्ला मात्र बरोबर. तो आधी ताणला जातो, मग जोडी सुटते, त्यामुळे जोडी न जुळता टोक नुसतंच चिकटलं असेल तर ते ओळखता येतं. शंका असेल तर द्रावात मोकळं बायोटिन टाकून बघा, ते प्रथिनाच्या जागा अडवतं आणि खरी पकड लगेच घटते.

हवेबद्दल इथे कुणी बोललंच नाही. जळगावात मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात सिलिकॉन नायट्राइडच्या टोकावर अमिनोसिलेनचा (रेणू जोडायला पाया देणारं रसायन) थर छान बसतो. पावसाळ्यात दमटपणामुळे सिलेन आपसातच जुळून गठ्ठे होतात, टोक बोथट. आम्ही तेव्हा आर्गॉन वायू भरलेल्या डेसिकेटरात (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) वाफेनेच थर देतो. उघड्या बशीत बुडवायच्या भानगडीत पडूच नका.