रोहनची आई ‘हिज’ की ‘हर’? आणि पझेसिव्ह प्रोनाउनला मराठीत म्हणायचं काय?

दुपारचा चहा:
मंडळी, जरा मदत हवीय. मी शनिवारी जवळच्या वस्तीतल्या मुलांचं इंग्रजी घेते, सगळी मराठी माध्यमातली, सहावी-सातवीची. परवा भाषांतराला दिलं, ‘हा रोहन. त्याची आई शिक्षिका आहे.’ अर्ध्याअधिक वह्यांत ‘हर मदर इज अ टीचर’. म्हटलं रोहन मुलगा ना रे, तर एक पोरगी ठसक्यात म्हणते, ‘पण टीचर, आई तर बाई आहे ना!’ आता हे नीट समजवायचं तर या प्रकाराला मराठी नाव हवं. मी फळ्यावर ‘संबंधी सर्वनाम’ लिहिलं, त्यावर त्यांच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी निरोप पाठवला की संबंधी म्हणजे जो-जी-जे, मुलांचा घोळ करू नका. मग माय, हिज, हर, माइन यांना काय म्हणू?

अनुस्वार:
बाईंचं बरोबर आहे. माझा, तुझा, त्याचा नामाच्या आधी आले की आपल्याकडे ती सार्वनामिक विशेषणं. सरसकट नाव हवं असेल तर ‘षष्ठ्यंत सर्वनाम’ म्हणा, म्हणजे षष्ठी विभक्तीतलं, ‘कुणाचा’ ते सांगणारं. आणि पाणिनीकडे षष्ठी हे कारकच नाही बरं का, ‘षष्ठी शेषे’, म्हणजे बाकीच्यांत जे बसलं नाही त्याला षष्ठी. कारण तिचा संबंध नामाशी, क्रियापदाशी नाही.

शेवगा:
सातवीच्या पोरांना षष्ठ्यंत! पळून जातील हो. ताई, नावाचं सोडा, त्या पोरीचं म्हणणं ऐका. आपल्या ‘त्याची’त दोन माहित्या असतात, ‘त्या’ सांगतं मालक कोण आणि ‘ची’ सांगतं वस्तू कुठल्या लिंगाची. इंग्रजी फक्त मालक बघतं. फ्रेंच उलटं, तिथे ‘सा मेर’ म्हणजे त्याचीही आई आणि तिचीही आई, बघायचं ते आईचं लिंग. पोरं ती ‘ची’ ऐकतात आणि ‘हर’ करून टाकतात. म्हणजे त्यांनी इंग्रजी शब्द घेऊन फ्रेंच व्याकरण लावलं, चूक म्हणायचं तर म्हणा.

रिकामटेकडा:
आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं, २००० सालापासून पहिलीपासून झालं तरी तेच चालू आहे म्हणजे. मी तर कुत्र्यालाही ‘हिज टेल’च लिहायचो, त्याची शेपटी ना. बाकी सगळ्यांच्या मुळाशी ‘हिज’च आहे, ते अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस म्हणजे ‘हिज’चंच आखडलेलं रूप, ‘द किंग हिज बुक’चं ‘किंग्ज बुक’ झालं.

शेवगा:
ही दंतकथा इंग्रजांमध्येही जुनी आहे, लोक खरंच तसं लिहायचे एके काळी. पण मग ‘मेरीज बुक’मध्ये हिज कुठून आला? तो एस जुन्या इंग्रजीतल्या ‘ई-एस’ (es) प्रत्ययाचा, त्यातला स्वर गळला. मात्र तुमची शेपटी अगदीच वाया नाही. ‘इट्स’ हा शब्द तसा अलीकडचा, १६११ च्या इंग्रजी बायबलच्या मूळ छापात तो नाहीच, मिठाच्या चवीलाही तिथे ‘हिज’ लावलंय. नंतर ‘इट्स’ रुळला, आणि पुढे बराच काळ लोक त्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालत होते, ज्यासाठी आज पोरांचे मार्क कापतात.

अनुस्वार:
मुळं शोधायचीच तर ‘चा’ची शोधा. पाश्चात्त्य, दाक्षिणात्य, तत्रत्य, यातला ‘त्य’ प्राकृतात ‘च्च’ झाला आणि तोच आपला चा-ची-चे. म्हणून तर तो विशेषणासारखा लिंगवचनाने हलतो.

रिकामटेकडा:
काही जण ‘कृत्य’वरून आणतात.

अनुस्वार:
आणोत. मला ‘त्य’च पटतो.

पोट्टा वऱ्हाडचा:
तुमचं चालू द्या, पन माय आनि माइनचा घोळ आमच्याकडे होतच नाई. पुस्तक दाखवाचं असन तं ‘हे माहं पुस्तक’, अन वेगळं काढून सांगाचं असन तं ‘हे माह्यावालं’. माहं म्हंजे माय, माह्यावालं म्हंजे माइन. फिट्ट बसते. तुमच्या पुन्यात दोन्हीले ‘माझं’च, मंग पोट्टे ‘धिस पेन इज माय’ लिहिनारच ना.

अनुस्वार:
‘वाला’ हिंदीतून घुसलेला आहे, त्यावर व्याकरण कसलं उभारता.

पोट्टा वऱ्हाडचा:
टांगेवाला, दूधवाला, भाजीवाला कोन्त्या मराठीतून काढून टाकले जी तुमी?

दुपारचा चहा:
माह्यावालं भारी आहे, उद्याच वापरते. ‘माय वन फ्रेंड’वर पण काही उपाय? ‘माझा एक मित्र’चं सरळ तेच करतात, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ म्हटलं की विचारतात ऑफ पण आणि माइन पण, दोनदा कशाला.

कोरा कागद:
त्यात पोरांचंच लॉजिक बरं आहे. पण मला उलट्या दिशेने काय होतंय ते जास्त खुपतं. मी भाषांतरं तपासते. हल्ली मराठीत सर्रास ‘तिने तिचे केस विंचरले’, ‘मी माझे हात धुतले’, ‘त्याने त्याचे डोळे मिटले’. अहो, मराठीत हात धुतले म्हटलं की स्वतःचेच. आणि ‘त्याने त्याचे डोळे मिटले’ वाचलं की मला वाटतं कुणीतरी गेलं आणि दुसऱ्याने त्याचे डोळे मिटले.

रिकामटेकडा:
काय ताई, कळलं ना वाचणाऱ्याला? मग झालं. आमची मुलं असंच बोलतात, भाषा पुढे जाते. ‘मी माझं काम केलं’ तर आपली आजीही म्हणायची, तिथे हिंदीवाले ‘अपना’ म्हणतात.

कोरा कागद:
पहिल्या पुरुषात म्हणायचीच, तिथे घोळ होत नाही. तिसऱ्या पुरुषात ‘आपला’ लागतो. ‘सुरेशने महेशला त्याच्या घरी नेलं’, कुणाच्या घरी? ‘आपल्या घरी’ म्हटलं की प्रश्न मिटला. इंग्रजीला ही सोय नाही, ‘हिज हाउस’ म्हणून गप्प बसावं लागतं नाहीतर ‘ओन’ चिकटवावं लागतं. हातातली सोय टाकून द्यायची आणि त्याला पुढे जाणं म्हणायचं, हे मला नाही झेपत.

रिकामटेकडा:
मग ‘चल, आपल्या घरी जाऊ’ यात कुणाचं घर? तुमची सोयच दोन ठिकाणी नोकरी करतेय.

मांडवी:
‘आपला’चा विषय निघालाच आहे तर. इंग्रजीत एकच ‘अवर’, आपल्याकडे ऐकणारा धरून ‘आपला’ आणि त्याला वगळून ‘आमचा’, गुजरातीत, तमीळमध्ये, तेलुगूतही असा भेद आहे. आमच्या गोव्यात ख्रिस्ती लोकांची ‘अवर फादर’ ही प्रार्थना कोंकणीत ‘आमच्या बापा’ अशी सुरू होते, कारण ज्याच्याशी बोलतोय त्यालाच ‘आपल्या’त कसं धरणार. लंडनला नवीन असताना मी ऑफिसात सवयीने ‘अवर फादर’ म्हणून बाबांची गोष्ट सुरू केली तर समोरच्या दोघी एकदम गंभीर, त्यांना वाटलं मी प्रार्थनाच म्हणतेय. एकुलती एक आहे हो मी, पण ‘माझे बाबा’ तोंडात येत नाही, ‘आमचे बाबा’च.

पोट्टा वऱ्हाडचा:
अन बाया नवऱ्याले ‘आमचे हे’ म्हन्तात त्याचं इंग्रजी करा पाहू. अवर धिस?

शेवगा:
😂 हे राहू दे, त्याहून अवघड सांगतो. ‘सगळे भांडत होते, मी आपला गप्प बसलो.’ हा ‘आपला’ कुणाचा? ना मालक, ना वस्तू. शिवाय बाई म्हणेल ‘मी आपली गप्प बसले’. म्हणजे हलतोय कर्त्याबरोबर.

अनुस्वार:
तो तिथे अव्ययासारखा आलाय. क्रियाविशेषण म्हणून सोडून द्या.

कोरा कागद:
लिंग बदलतं ते अव्यय कसं असेल? तुम्हीच वर ‘चा’ हलतो म्हणून त्याला विशेषणात टाकलंत ना.

अनुस्वार:
अव्यय म्हटलं नाही, अव्ययासारखा म्हटलं. ‘तो चांगला गातो’मधला ‘चांगला’ बघा, तोही क्रियाविशेषण आहे आणि हलतो.

शेवगा:
‘ती चांगली गाते’ आणि ‘ती चांगलं गाते’ दोन्ही चालतं. ‘मी आपलं गप्प बसले’ म्हणतं का कुणी?

पोट्टा वऱ्हाडचा:
आमच्याकडे म्हन्तात ना. ‘मी आपलं म्हनलं, जाऊ द्या.’

शेवगा:
‘म्हणलं’मध्ये कर्त्याला ‘नी’ लागतो, ‘त्यानी म्हणलं’सारखा, मग ‘आपलं’ हलणार कुणाबरोबर? बसणे घेऊन सांगा, म्हणणे नको.